घर खरेदीपूर्व पाहणी (इंग्लंड व वेल्स)

घर खरेदीपूर्व पाहणी म्हणजे घर विकत घेण्याचा करार बंधनकारक होण्यापूर्वी, खरेदीदाराने नेमलेल्या तज्ज्ञ सर्वेक्षकाने त्या इमारतीच्या स्थितीची केलेली तपासणी आणि त्यावरून दिलेला लेखी अहवाल होय. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशी पाहणी कायद्याने सक्तीची नाही. तिचे तीन स्तर प्रचलित आहेत. त्यांपैकी कोणता निवडावा हे घराचे वय, बांधणीची पद्धत, सद्यःस्थिती आणि खरेदीदाराचे पुढील बेत यांवर ठरते. कर्ज देणारी संस्था स्वतःसाठी जे मूल्यांकन करवून घेते, ते म्हणजे ही पाहणी नव्हे. या दोहोंची गल्लत झाल्यामुळे अनेक खरेदीदारांचे नुकसान झाले असून त्यातूनच या विषयावरील महत्त्वाचे न्यायनिर्णय घडले आहेत.

संज्ञा

मराठीत ‘सर्व्हे’ हा शब्द प्रामुख्याने जमिनीची मोजणी, हद्द आणि सर्व्हे क्रमांक या अर्थाने रूढ आहे. प्रस्तुत लेखातील पाहणीचा जमिनीच्या मोजणीशी संबंध नाही. छप्पर, भिंती, पाया, लाकूडकाम, ओल, सांडपाण्याची व्यवस्था इत्यादी इमारतीच्या अंगांची ती तपासणी असते. मालकी हक्क, हद्दी आणि बोजे यांचा शोध घेण्याचे काम सॉलिसिटर किंवा परवानाधारक हस्तांतरण तज्ज्ञ स्वतंत्रपणे करतो.

कायदेशीर पार्श्वभूमी

जुन्या घरांच्या विक्रीला इंग्रजी कायद्यात ‘खरेदीदाराने सावध राहावे’ हे तत्त्व लागू होते. लॅटिनमधील ‘कॅव्हिएट एम्प्टर’ या नावाने ते ओळखले जाते. घराच्या बांधकामातील दोष आपणहून सांगण्याची सर्वसाधारण जबाबदारी खासगी विक्रेत्यावर नसते. मात्र विचारलेल्या प्रश्नाला त्याने खोटे किंवा दिशाभूल करणारे उत्तर दिल्यास १९६७ च्या मिसरिप्रेझेंटेशन अ‍ॅक्टखाली खरेदीदाराला दाद मागता येते. हे प्रश्न बहुधा लॉ सोसायटीच्या ‘टीए ६’ या नमुन्यातून विचारले जातात. विक्रेत्यालाच ठाऊक नसलेला दोष, उदाहरणार्थ फरशीखालची कुजलेली तुळई, मात्र खरेदीदाराच्या पदरी पडतो.

विक्रेत्याने देकार स्वीकारला तरी इंग्लंड व वेल्समध्ये व्यवहार लगेच बंधनकारक होत नाही. दोन्ही पक्षांनी कराराच्या प्रतींची अदलाबदल केल्यानंतरच तो पक्का होतो आणि त्या वेळी सामान्यतः किमतीच्या १० टक्के रक्कम अनामत द्यावी लागते. देकार स्वीकारला जाणे आणि कराराची अदलाबदल होणे या दोहोंमधील काळ हीच पाहणीची योग्य वेळ होय. त्यानंतर दोष उघड झाला आणि खरेदीदाराने माघार घेतली, तर अनामत रक्कम गमावण्याची वेळ येते.

मूल्यांकन आणि पाहणी

गृहकर्ज देणारी बँक किंवा बिल्डिंग सोसायटी तारण म्हणून घर पुरेशा किमतीचे आहे की नाही, एवढेच पाहते. त्यासाठी होणारी भेट थोडा वेळ चालते. काही प्रकरणी मूल्यांकनकार घरी जातही नाही आणि उपलब्ध माहितीवरून किंवा संगणकीय पद्धतीने किंमत ठरवली जाते. या मूल्यांकनाचा खर्च कर्जदाराने उचलला, तरी ते कर्ज देणाऱ्या संस्थेसाठी असते. त्याची प्रत कर्जदाराला मिळेलच असे नाही. कर्ज मंजूर झाले म्हणजे घर भक्कम आहे, हा समज त्यामुळे निराधार ठरतो. घराला मोठ्या दुरुस्तीची गरज असूनही कर्जाची रक्कम त्याच्या किमतीच्या मानाने कमी असल्यास संस्थेचे हित सुरक्षित राहते. खरेदीदाराचे राहीलच असे नाही.

१९८१ च्या यान्नी विरुद्ध एडविन इव्हान्स या खटल्यात या समजाचे परिणाम दिसून आले. १५,००० पौंडांना घेतलेल्या घराच्या पायात दोष निघाला आणि दुरुस्तीचा अंदाज १८,००० पौंडांपर्यंत गेला. खरेदीदारांनी स्वतंत्र पाहणी करवून घेतली नव्हती. तरीही, सामान्य खरेदीदार संस्थेच्या मूल्यांकनावर विसंबतो हे मूल्यांकनकाराला ठाऊक असते, असे सांगून न्यायालयाने त्याला जबाबदार धरले.

१९८९ मध्ये स्मिथ विरुद्ध एरिक एस. बुश या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्‌सने हे तत्त्व मान्य केले. त्या घराच्या पहिल्या मजल्यावरील धुराड्याचा भिंतीलगतचा भाग पूर्वी काढून टाकलेला होता. परंतु वरच्या धुराड्याला आधार दिलेला नव्हता. खालचा भाग काढलेला आहे हे मूल्यांकनकाराने पाहिले. वरच्या भागाला आधार आहे की नाही हे पाहिले नाही. घर घेतल्यावर सुमारे दीड वर्षाने धुराड्याच्या विटा छपराखालच्या माळ्यातून खाली कोसळल्या. अहवालातील जबाबदारी नाकारणारे कलम १९७७ च्या अनफेअर कॉन्ट्रॅक्ट टर्म्स अ‍ॅक्टनुसार अवाजवी ठरवून न्यायालयाने खरेदीदाराच्या बाजूने निकाल दिला. मात्र हे संरक्षण सामान्य किमतीच्या राहत्या घरांपुरते आहे. भाड्याने देण्यासाठी घेतलेल्या सदनिकेच्या बाबतीत अपील न्यायालयाने २०११ मध्ये ते नाकारले. शिवाय न्यायालयात मिळणारा दिलासा नुकसान झाल्यानंतरचा असतो. पाहणीचा उद्देश ते टाळणे हा आहे.

पाहणीचे स्तर

या क्षेत्रातील प्रमुख व्यावसायिक संस्था म्हणजे लंडन येथील रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेअर्स, संक्षेपाने आरआयसीएस. तिची स्थापना १८६८ मध्ये झाली व १८८१ मध्ये तिला राजसनद मिळाली. पूर्वी निरनिराळ्या नावांच्या पाहण्यांमुळे खरेदीदारांचा गोंधळ होत असे. तो दूर करण्यासाठी संस्थेने गृहपाहणीचे एकत्रित मानक तयार केले. १ मार्च २०२१ पासून ते लागू झाले. त्यानुसार पुढील तीन स्तर आहेत.

स्तर १ – घराच्या दृश्य स्थितीचा हा संक्षिप्त अहवाल असतो. प्रत्येक अंगाची वर्गवारी त्यात दिलेली असते. दुरुस्तीविषयी सल्ला किंवा किंमत दिलेली नसते. तुलनेने नव्या, प्रचलित पद्धतीने बांधलेल्या व सुस्थितीतील घरांसाठी तो सुचवला जातो. सर्वच सर्वेक्षक हा स्तर देत नाहीत.

स्तर २ – पूर्वीच्या ‘होमबायर रिपोर्ट’ची जागा या स्तराने घेतली आहे. दोषांबरोबर दुरुस्ती व देखभालीविषयी सल्ला यात असतो. सर्वेक्षक छपराखालच्या माळ्यात सुरक्षित वाट असल्यास शिरतो. बाजारभाव आणि विम्यासाठी पुनर्बांधणीचा खर्च यांचा समावेश वेगळ्या शुल्कात करून घेता येतो. साधारण स्थितीतील, नेहमीच्या पद्धतीने बांधलेल्या घरांसाठी तो योग्य मानतात.

स्तर ३ – पूर्वी ‘स्ट्रक्चरल सर्व्हे’ व नंतर ‘बिल्डिंग सर्व्हे’ म्हणून ओळखली जाणारी ही सविस्तर पाहणी होय. घर कसे बांधले आहे, दोषाचे संभाव्य कारण काय, दुरुस्तीचे पर्याय कोणते, कोणते काम आधी करावे आणि ते न केल्यास काय होईल याचे विवेचन यात असते. दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज मागणीनुसार जोडला जातो.

वरच्या स्तरागणिक वेळ व शुल्क वाढते. घराचा आकार, किंमत आणि ठिकाण यांनुसार हे शुल्क काही शे पौंडांपासून हजार पौंडांहून अधिक असू शकते.

अहवालातील वर्गवारी

घराच्या प्रत्येक अंगाला वाहतूक दिव्यांच्या रंगांप्रमाणे क्रमांक दिला जातो.

१ (हिरवा) – सध्या दुरुस्तीची गरज नाही. नेहमीची देखभाल पुरेशी.
२ (पिवळा) – दुरुस्ती किंवा बदल आवश्यक. परंतु गंभीर वा तातडीचा नाही.
३ (लाल) – गंभीर दोष, किंवा दुरुस्ती, बदल वा अधिक तपास तातडीने आवश्यक.

ज्या अंगाची तपासणी करता आली नाही, तेथे ‘तपासले नाही’ अशी नोंद असते. ही नोंद दोष नसल्याची ग्वाही नव्हे. लाल रंग दिसला म्हणजे घर घेऊ नये, असाही अर्थ होत नाही. विजेच्या जोडणीची अलीकडील चाचणी झाल्याचा पुरावा नाही, एवढ्याने तिला ३ हा क्रमांक मिळू शकतो. उलट पिवळ्या नोंदी अनेक असल्यास त्यांचा एकत्रित खर्च एका लाल नोंदीपेक्षा जास्त होऊ शकतो.

स्तराची निवड

वय व बांधणी – व्हिक्टोरियन काळातील ओळीने बांधलेली घरे इंग्लंड-वेल्सच्या शहरांत मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या भिंती भरीव विटांच्या, जमीन लाकडी तुळयांवर पेललेली आणि छप्पर बहुधा पाटीच्या दगडाच्या कौलांचे असते. जमिनीखाली हवा खेळण्यासाठी जोत्यात झरोके ठेवलेले असतात. अंगण उंचावल्याने किंवा माती साचल्याने ते बुजले की तुळयांची टोके कुजू लागतात. दोन विटांच्या थरांत पोकळी असलेल्या भिंती विसाव्या शतकात, विशेषतः दोन महायुद्धांच्या दरम्यान, सर्वत्र रूढ झाल्या. त्यांतील थरांना जोडणारे लोखंडी दुवे कालांतराने गंजतात. जुने, मोठे, वारंवार फेरबदल केलेले, गवताचे छप्पर किंवा लाकडी सांगाडा असलेले, अथवा दुरवस्थेतील घर असल्यास स्तर ३ ची शिफारस केली जाते. घर घेतल्यावर भिंत पाडणे, माळ्यावर खोली काढणे असे मोठे काम करण्याचा बेत असल्यासही हाच स्तर सुचवतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरटंचाईमुळे कारखान्यात तयार केलेल्या काँक्रीटच्या भागांची घरे उभारण्यात आली. त्यांतील काही प्रकार १९८४ च्या हाउसिंग डिफेक्ट्‌स अ‍ॅक्टनुसार सदोष घोषित झाले. अशा घरांवर कर्ज मिळणे अवघड जाते. बाहेरून विटांचे आवरण चढवलेले असल्यास त्यांची मूळ बांधणी नवख्या माणसाला ओळखू येत नाही.

प्रदेश – लंडन आणि आग्नेय इंग्लंडमधील चिकणमाती कोरड्या उन्हाळ्यात आकसते आणि पावसात फुगते. घराजवळ मोठी झाडे असल्यास हा परिणाम वाढतो, पाया खचतो व भिंतींना तिरके तडे जातात. १९७६ च्या दुष्काळात असे नुकसान मोठ्या प्रमाणावर झाले. कॉर्नवॉल व डेव्हनमधील काही घरांच्या काँक्रीटमध्ये खाणींतील टाकाऊ दगड वापरलेला आहे. तेथे ‘मंडिक’ या नावाने ओळखला जाणारा हा दगड कालांतराने काँक्रीट पोखरतो. तो ओळखण्यासाठी नमुना काढून वेगळी चाचणी करावी लागते. कोळसा खाणींच्या भागात खाणीसंबंधीचा शोध सॉलिसिटरमार्फत घेतला जातो. या कारणांमुळे त्या परिसराची माहिती असलेला सर्वेक्षक निवडणे हिताचे ठरते.

सदनिका – सदनिका बहुधा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतल्या जातात. छपराची किंवा बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती निघाल्यास तिचा वाटा सेवाशुल्कातून सदनिकाधारकाला द्यावा लागतो. त्यामुळे सदनिकेच्या आतील स्थितीइतकीच संपूर्ण इमारतीची स्थिती महत्त्वाची असते. १४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीत ७२ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर बाह्य आवरणातील ज्वलनशील साहित्याचा प्रश्न पुढे आला. कर्जासाठीच्या मूल्यांकनात या आवरणाची माहिती मिळावी म्हणून डिसेंबर २०१९ मध्ये ‘ईडब्ल्यूएस १’ हा नमुना सुरू झाला. खरेदीपूर्व पाहणी त्याची जागा घेऊ शकत नाही.

नवी घरे – नव्या घरांवर बहुधा १० वर्षांची हमी असते. १९३६ मध्ये स्थापन झालेली नॅशनल हाउस बिल्डिंग कौन्सिल ही अशी हमी देणारी प्रमुख संस्था आहे. पहिली दोन वर्षे दोष दूर करण्याची जबाबदारी बांधकाम व्यावसायिकावर असते. अशा घरांसाठी अपुरी किंवा निकृष्ट कामे टिपणारी वेगळी पाहणी केली जाते; तिला ‘स्नॅगिंग’ म्हणतात.

पाहणीच्या मर्यादा

पाहणीत तोडफोड केली जात नाही, कारण घर अद्याप विक्रेत्याचे असते. सर्वेक्षक घट्ट बसवलेल्या फळ्या उचलत नाही, जड सामान हलवत नाही आणि भिंती फोडून पाहत नाही. छप्पर तो जमिनीवरून दुर्बिणीने किंवा सुमारे ३ मीटर उंचीपर्यंत शिडी लावून पाहतो. भिंतीतील ओल मोजण्यासाठी ओलमापक वापरला जातो. वीज, गॅस, बॉयलर व सांडपाण्याच्या नळांची तांत्रिक चाचणी कोणत्याही स्तरात समाविष्ट नसते. विक्रीसाठी खोल्या रंगवून सामानाने भरलेल्या असल्यास स्तर ३ च्या अहवालातही ‘तपासले नाही’ अशा नोंदी वाढतात.

गरज भासल्यास सर्वेक्षक पुढील तपास सुचवतो. तडे असल्यास संरचना अभियंता, वीज जोडणीसाठी परवानाधारक तंत्रज्ञ, तर सांडपाण्याच्या नळांसाठी कॅमेऱ्याने तपासणी करणारा तज्ज्ञ नेमला जातो. ओलीच्या बाबतीत विशेष सावधगिरी बाळगली जाते. विनामूल्य तपासणी करणाऱ्या अनेक कंपन्या भिंतीत रसायन भरण्याचे कामही विकतात; त्यामुळे त्यांचा अहवाल तटस्थ असेलच असे नाही. फुटलेली पन्हळ, जोत्याहून वर चढलेले अंगण किंवा चुन्याऐवजी सिमेंटने भरलेल्या दर्जा ही जुन्या भिंतींतील ओलीची नेहमीची कारणे आहेत. चुन्याच्या दर्जांतून भिंतीतील पाणी बाहेर पडते, सिमेंट ते कोंडून ठेवते. ही कारणे दूर केल्यास रसायनाची गरज पुष्कळदा उरत नाही. जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीविषयी १८७७ मध्ये विल्यम मॉरिस यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ एन्शंट बिल्डिंग्ज मार्गदर्शन करते.

सर्वेक्षकाची नेमणूक

‘सर्वेक्षक’ म्हणवून घेणाऱ्या प्रत्येकाकडे समान पात्रता असतेच असे नाही. आरआयसीएसचे सदस्य एमआरआयसीएस, एफआरआयसीएस किंवा असोकआरआयसीएस ही अक्षरे नावापुढे लावतात. संस्थेच्या नियमांनुसार सर्वेक्षण संस्थेकडे व्यावसायिक दायित्वाचा विमा आणि तक्रार निवारणाची व्यवस्था असणे बंधनकारक आहे. कामाच्या अटी लेखी ठरवून त्यांत स्तर, शुल्क, व्याप्ती आणि मर्यादा नमूद केल्या जातात. निवडलेला स्तर त्या घराला पुरेसा नाही असे दिसल्यास तसे खरेदीदाराला सांगणे हे सर्वेक्षकाच्या कर्तव्यात मोडते. घरविक्री एजंट किंवा कर्ज देणारी संस्था सर्वेक्षकाचे नाव सुचवू शकते. ते स्वीकारण्याचे बंधन खरेदीदारावर नसते.

घर स्वतः पाहताना लक्षात आलेले तडे, वास, डाग किंवा जमिनीचा उतार यांची माहिती पाहणीपूर्वी दिल्यास सर्वेक्षक त्या जागा बारकाईने पाहतो. अहवाल मिळाल्यावर त्याच्याशी प्रत्यक्ष बोलल्यास कागदावरील सावध भाषेमागील गांभीर्य समजण्यास मदत होते.

अहवालाचा उपयोग

अहवालानंतर खरेदीदारापुढे बहुधा चार मार्ग असतात: ठरलेल्या किमतीला घर घेणे, दुरुस्तीच्या खर्चाच्या आधारे किंमत कमी करून मागणे, कराराच्या अदलाबदलीपूर्वी विक्रेत्याकडून दुरुस्ती करवून घेणे, किंवा व्यवहारातून बाहेर पडणे. किमतीविषयी बोलणी करताना अहवालातील शेऱ्यापेक्षा कंत्राटदाराचे लेखी दरपत्रक अधिक उपयोगी पडते. परवानगीविना केलेले बांधकाम, सामाईक भिंत किंवा हमीपत्रे यांविषयीचे शेरे सॉलिसिटरकडे पाठवले जातात, कारण त्यांची चौकशी कागदपत्रांतून करावी लागते.

हयगय आणि भरपाई

सर्वेक्षकाने वाजवी काळजी व कौशल्य वापरले नाही, तर त्याच्यावर दावा करता येतो. भरपाईची रक्कम मात्र बहुधा दुरुस्तीच्या खर्चाइतकी नसते. १९९१ च्या वॉट्स विरुद्ध मॉरो या खटल्यात खरेदीदारांनी १,७७,५०० पौंडांना घर घेतले होते आणि दुरुस्तीला सुमारे ३४,००० पौंड खर्च आला. दोषांसह घराची खरी किंमत १,६२,५०० पौंड होती. दिलेली किंमत आणि खरी किंमत यांतील १५,००० पौंडांचा फरक एवढीच हानी अपील न्यायालयाने या बाबतीत ग्राह्य धरली. २०२१ च्या हार्ट विरुद्ध लार्ज या खटल्यात न्यायालयाने वेगळी मोजणी मान्य केली. मोठे फेरबांधकाम झालेल्या घराच्या कामावर देखरेख करणाऱ्या तज्ज्ञाचे प्रमाणपत्र मागण्याचा सल्ला सर्वेक्षकाने दिला नव्हता. तो सल्ला मिळाला असता तर खरेदी झालीच नसती, ही बाब त्या निकालात महत्त्वाची ठरली.

इतर पद्धती

स्कॉटलंडमध्ये १ डिसेंबर २००८ पासून घर विक्रीस काढताना ‘होम रिपोर्ट’ देणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. नव्या घरांना त्यातून सूट आहे. पूर्वी बंद लिफाफ्यातून देकार देण्याच्या पद्धतीत एकाच घरासाठी अनेक इच्छुक आपापली पाहणी करवून घेत आणि एक सोडून सर्वांचा खर्च वाया जात असे. इंग्लंड व वेल्समध्ये १ ऑगस्ट २००७ पासून विक्रेत्याने द्यावयाची ‘होम इन्फर्मेशन पॅक’ ही योजना टप्प्याटप्प्याने लागू झाली. इमारतीच्या स्थितीचा अहवाल तीत सक्तीचा करण्याचा मूळ विचार २००६ मध्येच सोडून देण्यात आला होता. मे २०१० मध्ये ही योजनाच स्थगित झाली. ऊर्जा कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र तेवढे कायम राहिले.

भारतातील स्थिती

भारतातील मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ ब्रिटिश काळात तयार झाला. त्यातील कलम ५५ नुसार, विक्रेत्याला ज्ञात असलेला आणि खरेदीदाराला सामान्य काळजी घेऊनही न कळणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने उघड केला पाहिजे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ मधील कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत निदर्शनास आलेला बांधकामातील दोष विकासकाने विनामूल्य दूर करावयाचा असतो. महाराष्ट्रात घर घेताना शोध अहवाल, सातबारा किंवा मिळकत पत्रिका यांद्वारे मालकी हक्काची तपासणी करण्याची प्रथा आहे. मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी मालक किंवा भोगवटादारांना करवून घ्यावी लागते. जुन्या गृहनिर्माण संस्थेतील सदनिका घेणाऱ्यास हा तपासणी अहवाल पाहण्यास मागता येतो. मात्र तो संपूर्ण इमारतीच्या स्थैर्याविषयी असतो; एखाद्या सदनिकेच्या खरेदीदारासाठी तयार केलेला नसतो.

हे सुद्धा पहा

गृहकर्ज
संरचनात्मक तपासणी
मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२
ग्रेनफेल टॉवर आग